पुडीतलं बेट

माझ्या लग्नाचा अल्बम चाळणारा माणूस एका फोटोपाशी हमखास थांबतो. फोटोत मी आणि नवरा हातात हार धरून ताटकळलेले आहोत, भटजींनी कपाळाला हात लावलाय, आणि आमच्या पायांशी निळी इरकल नेसलेली, साठीला आलेली एक बाई स्टेजवर पालथी पडून डोळ्याला भिंग लावून तांदूळ बघतेय. भोवती पदर खोचून बसलेल्या बायकांचा गराडा. लोक काळजीने विचारतात, ह्यांना चक्कर आली होती का हो? मी सांगते, छे, ह्या आमच्या बाई. ह्यांना काही झालं नव्हतं, जे काय व्हायचं ते आम्हाला झालं.

बाई म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेब. परळच्या एका जुन्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर हर्बेरियमची खोली होती. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडापानांचं दप्तर. हिरवी लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास, आणि कपाटांत ठासून भरलेले नमुने, प्रत्येकाची एक चिठ्ठी. त्या चिठ्ठ्या वाचून कॉम्प्युटरवर चढवायच्या, म्हणजे जगात कुणालाही त्या बघता येतील, ह्या कामासाठी मला कंत्राटावर घेतलं होतं. बाई त्या खोलीच्या प्रमुख, आणि त्यांचा जीव अडकला होता दगडफुलात. आपण मसाल्यात घालतो तेच, पण ते एकटं नाही, त्याचा गोतावळा मोठा आहे. झाडाच्या सालीवर, दगडावर, जुन्या भिंतीवर पांढरे-हिरवट डाग दिसतात ना, ज्यांना आपण बुरशी समजून पुढे जातो, त्यातली बरीचशी दगडफुलंच. बाई पुढे जात नसत. बाई थांबत.

आणि थांबत म्हणजे कुठेही. एकदा माटुंग्याला एका बागेच्या कडेला त्यांना झाडाच्या बुंध्याशी, अगदी मुळाजवळ, काहीतरी दिसलं. झाल्या आडव्या. सकाळी अकरा वाजता चांगल्या घरची बाई फुटपाथवर पालथी पडलीय म्हटल्यावर माणसं जमणारच. कुणी म्हणालं फिट आली, कुणी चप्पल काढून नाकाला लावायला धावलं, एका भाजीवाल्याने कांदा फोडून आणला. मी सगळ्यांना समजावतेय की अहो, त्या बऱ्या आहेत, पण माझं कोण ऐकतो? भाजीवाला कांदा घेऊन शेजारी उकिडवा बसला, तेव्हा बाईंनी मान न वळवता त्याला सांगितलं, की थोडं उजवीकडे सरका, उजेड अडतोय. तो बिचारा सरकला. पाच मिनिटांनी तोही पालथा पडून भिंगातून बघत होता आणि तिकडे गाडीपाशी त्याची गिऱ्हाइकं कोथिंबिरीसाठी ओरडत होती.

ते भिंग बाईंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात कायम असायचं. माझ्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा हळूच विचारलं होतं, की हा ताईत कुठल्या बाबाचा, गुण आहे का?

बाईंचा एक मंत्र होता. कुठे, कशावर, कुणी, कधी. नमुना कुठे मिळाला, कशावर वाढत होता, कुणी काढला, कधी काढला. चिठ्ठीवर ह्या चार गोष्टी हव्याच. ज्याची चिठ्ठी नाही तो कचरा, असं त्या म्हणत, आणि हा नियम त्यांनी अख्ख्या जगाला लावला होता. स्टाफरूममध्ये कुणी अमकीचं तमक्याशी जमलंय म्हणे असं काही सुरू केलं, की बाई डबा बाजूला ठेवून विचारायच्या, कुठे पाहिलं, कुणी पाहिलं, कधी पाहिलं? दोन मिनिटांत त्या बातमीतली हवा जायची. त्यामुळे बाई जेवायला आल्या की सगळे हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

माझा मामा लालबागला मसाल्याच्या दुकानात बसतो. मी एकदा बाईंना हौसेने तिथे घेऊन गेले. मामाने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, उत्तम प्रतीचं दगडफूल समोर ओतलं. बाईंनी भिंग लावलं आणि सुरू झाल्या. हे कुठल्या डोंगरावरचं? कुठल्या झाडावरचं? काढलं कुणी? मामाने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, बाईनू, गोणीतून आलाहा. बाईंनी ते दगडफूल हाताने परत पिशवीत भरलं, सरबत संपवलं आणि अनाथाश्रमातून बाहेर पडावं तशा चेहऱ्याने बाहेर पडल्या. मामा नंतर कितीतरी दिवस दुकानात आलेल्या माणसांना सांगायचा, की आमच्या भाचीची बाई मोठी हुशार, पण तिच्या हातची आमटी काय खावची नाय.

माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी चौकशी. मुलगा कुठे भेटला? मी म्हटलं, दादर चौपाटीला. कशावर? म्हणजे काय कशावर? म्हणजे कशावर बसला होता? कठड्यावर. कुणी आणला? मावशीने. कधी? आदल्या रविवारी, संध्याकाळी. हे सगळं त्यांनी मनात लिहून घेतलं, मग पेढा खाल्ला, दुसरा मागितला, आणि म्हणाल्या की नमुना विश्वासार्ह दिसतोय, ठेवून घ्यायला हरकत नाही.

सासर गिरगावचं आहे म्हटल्यावर मात्र त्या जरा गंभीर झाल्या. कारण बाईंच्या लेखी मुंबई अजून सात बेटंच होती. भराव टाकला म्हणून बेट बुजत नसतं, हे त्या शपथेवर सांगत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर परळ बेट, माहीम बेट असंच लिहिलेलं असायचं, आणि ते कॉम्प्युटरवर चढवताना माझ्या नाकी नऊ यायचे, कारण कॉम्प्युटरला ती बेटं सापडायची नाहीत. तर मी लालबागची, म्हणजे परळ बेटावरची मुलगी, आता मुंबई बेटावर निघाले होते. तिकडची हवा मानवेल ना, असं त्यांनी मला मनापासून विचारलं. मीही मनापासून सांगितलं, की बाई, सासूबाई मानवल्या तर हवेचं बघू.

सासूबाईंचा दरारा होताच तसा. बोलणी करायला आल्या तेव्हा त्यांनी हसून, गोड आवाजात, एकेक गोष्ट आईकडून कबूल करून घेतली. विधी सगळे साग्रसंगीत. मुहूर्त एक मिनिट टळता कामा नये. आणि अक्षता ताटात फिरवायच्या नाहीत, लोक मूठ मूठ घेतात आणि निम्म्या खुर्चीखाली जातात. प्रत्येकाला व्यवस्थित पुडी. तीनशे पुड्या. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

हे मी ऑफिसात सांगितलं आणि बाई एकदम उजळल्या. कारण पुडी हा त्यांचा प्रांत. दगडफूल हर्बेरियममध्ये पुडीतच ठेवतात, आणि त्या पुडीची एक ठरलेली घडी असते. अशी, की उलटी केली तरी आतला कण बाहेर पडत नाही आणि उघडायला गेलं तर एका बोटाने उघडते. बाई ती घडी डोळे मिटून घालत. कागद मात्र त्या विकत घेत नसत. वर्षानुवर्षं आलेल्या लग्नपत्रिका त्यांनी साठवल्या होत्या, जाड, कोऱ्या पाठीच्या, त्यांच्याच पुड्या. आमच्या कपाटात अख्ख्या महाराष्ट्रातली लग्नं घडी घालून ठेवली होती. तर बाईंनी जाहीर केलं, तुझ्या लग्नाच्या तीनशे पुड्या माझ्याकडून आहेर. आईने कुंकू लावलेल्या तांदळाचा डबा पाठवून दिला आणि हर्बेरियमच्या मोठ्या टेबलावर आठवडाभर अक्षतांचा कारखाना चालला.

आता त्याच टेबलावर त्या आठवड्यात आणखी काय होतं, ते सांगते. शीव कोळीवाड्यात एका माडाच्या खोडावर बाईंना एक दगडफूल दिसलं होतं. राखाडी, कडेला बारीक नारिंगी रेघ. पुस्तकात तसलं दगडफूल जगात एकाच जागचं होतं, दूर महासागरातल्या एका इवल्याशा बेटावरचं. कधीकाळी कुणा जहाजावरच्या डॉक्टरने ते तिथल्या माडावरून सालीसकट काढून आणलं होतं. पुढे त्या बेटावर विमानं उतरायला लागली, धावपट्टीसाठी माड गेले, आणि ते दगडफूल परत कुणाला दिसलं नाही. उरल्या त्या डॉक्टरच्या पुड्या, परदेशातल्या एका मोठ्या हर्बेरियममध्ये. बाईंनी त्या लोकांना पत्रं लिहून लिहून भंडावलं. शेवटी त्यांनी एक पुडी ताडून बघायला उसनी दिली. अट एकच, पाच तुकडे पाठवतोय, पाच परत हवेत. एक जरी गहाळ झाला तर पुढे काही मिळणार नाही. बाईंनी सही करून शब्द दिला.

पुडी आली त्या दिवशी बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. तीन आठवडे त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं नाही. आणि शेवटी निघालं काय, तर कोळीवाड्यातलं दगडफूल ते नव्हेच. दुसरंच, अगदी नेहमीचं. माझा चेहरा पडला. बाईंनी शिपायाला बोलावून सगळ्या मजल्याला बटाटेवडे सांगितले. मी म्हटलं, बाई, अहो, नाही निघालं ना? त्या म्हणाल्या, नाही निघालं हे आता नक्की झालं ना, मग खा.

राहिलं होतं ते फक्त परत पाठवणं. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाई ते पार्सल करायला बसल्या. मूळची पुडी घड्यांवर फाटली होती, म्हणून त्यांनी नवी पुडी करायला घेतली. त्यांचाच नियम होता, आधी चिठ्ठी चिकटवायची, मग घडी. पण चिठ्ठीचा गोंद ओला, तिकडे अक्षतांच्या वीस-पंचवीस पुड्या बाकी, आणि मी हातात चप्पल घेऊन उभी, कारण मेंदीवाली घरी येऊन बसली होती. बाईंनी जन्मात पहिल्यांदा घडी आधी घातली. चिठ्ठी वाळायला पुस्तकाखाली ठेवली, ती लग्न उरकल्यावर चिकटवायची म्हणून. आणि मी, काय सांगू, टेबलावरच्या सगळ्या पुड्या दोन्ही हातांनी कवेत घेऊन खोक्यात लोटल्या आणि पळाले. सगळ्या पुड्या एकाच घडीच्या, एकाच तऱ्हेच्या कागदाच्या. मला शहाणी कुणी म्हणू नये.

लग्न दादरच्या एका हॉलमध्ये. अंतरपाटाच्या अलीकडे मी, माझ्या मागे मामा. समोर पहिल्या रांगेत बाई आणि त्यांच्या शेजारी आमचे प्रिन्सिपॉल. मंगलाष्टकं सुरू झाली, पुड्या एका बोटाने उघडत होत्या, सासूबाई चक्क खूश दिसत होत्या. शेवटच्या मंगलाष्टकाला मामाने त्याची पुडी उघडली. आत तांदूळ नाहीत, सालपटं. आणि मसाल्याच्या दुकानातला माणूस, त्याने ते दगडफूल ओळखलंसुद्धा. त्याला वाटलं, बाईंकडचं काहीतरी शास्त्र असेल. त्याने दोन्ही हातांनी भक्तिभावाने ते माझ्या डोक्यावर टाकलं.

अंतरपाट दूर झाला, सनई वाजायला लागली, आम्ही हार उचलले. बाई टाळ्या वाजवत होत्या. वाजवता वाजवता त्यांची नजर माझ्या गजऱ्यावर गेली आणि टाळी अर्ध्यात राहिली. दहा फुटांवरून त्यांनी ते नखाएवढं सालपट ओळखलं. खुर्च्या ओलांडत त्या स्टेजवर चढल्या.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. "कुणीच हलू नका."

आवाजच असा होता की सनईवालासुद्धा थांबला. हॉलमध्ये सगळे जिथल्या तिथे. बाई खाली बसल्या, मग आडव्या झाल्या, भिंग डोळ्याला. काय झालंय ते मला कळलं. नवरा हार धरून ओठ न हलवता विचारतोय की ह्या कोण, आणि मला कुठल्या तोंडाने सांगू? भटजी म्हणायला लागले, की वधूवरांनी हार घाला, मुहूर्त टळतोय. मुहूर्त हा शब्द ऐकून सासूबाई स्टेजवर आल्या. आता आपलं लग्न काही लागत नाही, अशी माझी खात्री झाली.

सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, की हे काय चाललंय? बाईंनी पडल्या पडल्या मान वर केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं खरं सांगितलं, बेट, माड, पाच तुकडे, दिलेला शब्द. आणि शेवटी म्हणाल्या, "परक्याची ठेव आहे हो. माझ्या हातून सांडली."

 बेटाबिटातलं सासूबाईंना किती कळलं असेल, देव जाणे. पण परक्याची ठेव म्हणजे काय हे त्यांना कळलं. त्यांनी पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि त्यांच्या बहिणींकडे वळून म्हणाल्या, "बघताय काय? पराती आणा."

मग जे झालं त्याला तोड नाही. आमच्या सहा जणी आणि तिकडच्या पाच, अशा अकरा बायका स्टेजवर मांडी घालून बसल्या. जेवणघरातून पराती आल्या. आमच्या अंगावरचा, पाटांवरचा, गालिच्यावरचा तांदूळ मुठीमुठीने परातीत पडायला लागला आणि ह्या निवडायला लागल्या. अहो, जन्मभर हेच केलेलं. बोट फिरलं की खडा बाजूला. आत्या तर हातांनी निवडत होती आणि तोंडाने मुलाकडच्या मावशीला तिच्या सुनेबद्दल विचारत होती. सकाळी मानपानावरून जिचं जिच्याशी वाजलं होतं, त्या दोघी एका परातीत. खालून पाहुणे विचारतायत, मिळालं का? मिळालं की सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. सनईवाल्याला काही सुचेना, त्याने मधल्या वेळात आरतीची चाल लावली. मी हार घेऊन उभी, हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं.

पहिला आणि सगळ्यात मोठा तुकडा सासूबाईंनीच काढला, माझ्या गजऱ्यातून, चिमटीत, पाकळी न दुखवता. दुसरा आत्याला मिळाला, तिसरा आईला, चौथा मुलाकडच्या मावशीला. पाचवा मिळेना. परात पुन्हा पुन्हा निवडली, नवऱ्याचा फेटा उतरवून झटकला, भटजींना उठवून त्यांच्या पाटाखाली बघितलं. नाहीच.

तेव्हा मामा पुढे झाला. बिचाऱ्याला अपराधी वाटत होतं. जेवणघरात जाऊन त्याने आचाऱ्याच्या मसाल्यातून दगडफुलाचा एक तुकडा आणला होता. तो बाईंच्या हातावर ठेवून हळूच म्हणाला, "बाईनू, ह्यां घेवा पाचवां. थंय कोण बघूक येतला?"

बाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा. पण प्रिन्सिपॉल हसले नाहीत. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन बरंच समजावलं. चार काय आणि पाच काय, सालीचे तुकडे, प्रवासात मोडतातही. गप्प राहा. कळवलंत तर कॉलेजला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, आणि तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, शेवटी शेवटी हा डाग कशाला? हे सगळं स्टेजवरच चाललं होतं, त्यामुळे अकराच्या अकरा बायका निवडणं सोडून ऐकत होत्या.

बाई म्हणाल्या, "सर, मी आयुष्यभर अनोळखी माणसांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. माझ्या चिठ्ठीवरही कुणीतरी ठेवणार आहे."

आणि तिथेच, माझ्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर, त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. कुठे, तर दादर, लग्नाचा हॉल. कशावर, तर कुंकू लावलेल्या तांदळात, आणि वधूच्या केसांत. चार तुकडे मिळाले, एक हरवला, चूक माझी. मी म्हटलं, बाई, माझीपण लिहा, मीच खोक्यात लोटल्या. त्या म्हणाल्या, घडी मी घातली.

मग कुणी. एकेकीला त्या नाव विचारायला लागल्या. बायका लाजल्या. कुणी म्हणाली, आमचं कशाला, कुणी म्हणाली, लिहा की ह्यांचं. बाईंनी ऐकलं नाही. ज्याने शोधलं त्याचं नाव लागतं, तो कायदा आहे, म्हणाल्या. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी सासऱ्यांचं नाव सांगून त्याला मिसेस जोडलं.

"ते यजमानांचं झालं," बाई म्हणाल्या. "तुमचं?"

"शालिनी."

"जन्मापासूनचं?"

सासूबाई परातीतले तांदूळ सारखे करायला लागल्या. बाईंना वाटलं, आपला प्रश्न समजला नाही. म्हणून त्या शिकवताना समजावतात तसं समजावायला लागल्या, की ह्या दगडफुलांची नावंसुद्धा सारखी बदलतात, प्रत्येक नवा विद्वान येतो तो नवं नाव देतो. आम्ही नव्या नावाची चिठ्ठी शेजारी चिकटवतो. पण जुनी चिठ्ठी कधीही काढत नाही. काढायचीच नसते.

"इंदू," सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "इंदू भिकाजी घाग."

बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचीकडे वळल्या. मग आम्ही हार घातले. मुहूर्त टळून चांगला पाऊण तास झाला होता, आणि त्याबद्दल सासूबाई आजपर्यंत एक अक्षर बोललेल्या नाहीत.

चिठ्ठी चार तुकड्यांबरोबर परदेशी गेली. उत्तर यायला तीन महिने लागले. तेवढ्या काळात बाईंनी एकदाही तो विषय काढला नाही, पण त्या वाळायला लागल्या हे मला दिसत होतं. डब्यातला भात तसाच घरी न्यायच्या. शब्द मोडला हे त्यांना गिळता येत नव्हतं, आणि मला त्यांच्यासमोर बसून टायपिंग करायची लाज वाटत होती.

उत्तर आलं त्या दिवशी बाई ते छापून घेऊन थेट आमच्या घरी गिरगावला आल्या. सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि माझ्या हातात कागद दिले. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, की नियमाप्रमाणे तुमच्या कॉलेजला दोन वर्षं काही पाठवता येणार नाही. बाईंची निवृत्ती पुढच्या महिन्यात. म्हणजे ते बेट त्यांच्यासाठी कायमचं बंद झालं. मला रडूच आलं. बाई म्हणाल्या, अगं, बरोबरच आहे, मीसुद्धा हेच केलं असतं. दुसरा कागद बघ.

दुसऱ्या कागदावर त्या पुडीची नोंद होती, त्यांच्या वेबसाइटवर चढवलेली, जगात कुणालाही दिसेल अशी. बाईंनी लिहिलेला शब्द न् शब्द त्यांनी तसाच ठेवला होता. पत्रात शेवटी एक ओळ होती, की हरवलेल्या तुकड्याची इतकी सरळ चिठ्ठी आमच्याकडे दुसरी नाही. खाली जगाचा नकाशा, आणि नकाशावर त्या दगडफुलाचे दोनच ठिपके. एक महासागराच्या मधोमध, त्या बेटावर. दुसरा दादरला. मी तर उड्या मारायला लागले. बाई इतक्या हसल्या की भिंग हातात धरावं लागलं. वधूचे केस ही जागा दगडफुलांच्या शास्त्रात पहिल्यांदाच नोंदली गेली, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं.

आमचा दंगा ऐकून सासूबाई चहा टाकायचा सोडून बाहेर आल्या आणि सासरे चष्मा शोधत आले. सासऱ्यांनी कागद हातात घेतला आणि शोधणाऱ्यांची अकरा नावं मोठ्याने वाचायला लागले. आत्याचं वाचलं, आईचं वाचलं, त्यांच्या मेव्हणीचं वाचून मान डोलावली. मग परत वर गेले, पहिल्या नावापाशी.

"ही इंदू कोण गं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. "तुमच्या घागांमध्ये कुणी इंदू असल्याचं मला तरी आठवत नाही."

सासूबाईंनी पदराला हात पुसले, कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि ते नाव एकदा स्वतःशी वाचलं.

"मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही ताटातल्या तांदळात शालिनी लिहिलंत ना, त्याच्या आधीची."